एकशे तेरावा स्तंभ, चाळिसावी ओळ

कुलाब्याच्या टोकाला, जिथे पहारेकरी नाव विचारतो
आणि रस्ता पुढे जायचं सोडून देतो,
तिथे तिसऱ्या मजल्यावर आमची काळी पेटी आहे.
पेटीत सिलिकॉनचे चार पापुद्रे, एकाखाली एक,
प्रत्येकावर पिक्सेलची इतकी घरं
की डॉ. सबनीस पहिल्या दिवशी म्हणाल्या,
मोजू नकोस, विश्वास ठेव.

वरून म्युऑन येतात.
गच्ची, पाण्याची टाकी, दोन मजले, माझं डोकं,
हातातला चहा, पेटीचं झाकण, सगळ्यातून आरपार,
आणि कोणाचं काही न घेता
खाली, खडकात.
जाताना चार घरांना धक्का लागतो.
चार ठिपके, त्यांतून एक रेघ.
मिनिटाला तीन. कधी चार.
एवढ्यावर आमचा पगार.

तारा जोडतो हिरोजी तांडेल.
केसाच्या तिसऱ्या हिश्श्याची तार,
भिंगाखाली, श्वास बाहेर सोडून मग टाका.
समुद्राची खारी हवा आत येऊ नये
म्हणून यंत्र रात्रंदिवस बादलीत पाणी गाळतं;
ती बादलीही तोच ओततो.
पाहुणे म्हणतात, कोळीवाड्यातले ना तुम्ही?
मग हे म्हणजे जाळं विणण्यासारखंच!
तो हसतो. ते गेले की मला म्हणतो,
"जाल्यान म्हावरा ऱ्हातं. यान काय ऱ्हातं?"

डिसेंबरात एक घर बरळायला लागलं.
एकशे तेरावा स्तंभ, चाळिसावी ओळ.
दिवसभर गप्प, आणि संध्याकाळी एकाएकी
हजारो ठिपके, एकट्याचेच.
चार मिनिटं. मग पुन्हा गप्प.
खालच्या तीन थरांना पत्ताच नाही.

नियम साधा आहे:
जे एकटंच ओरडतं ते खरं धरायचं नाही.
प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहायची,
मग ते ओरडत राहतं, फक्त आपल्यापर्यंत येत नाही.
मी ती ओळ लिहिली नाही.
आळस असेल.
किंवा आमच्या शेजारच्या प्रमिलाबाई आठवल्या असतील,
ज्या रोज दिवेलागणीला भांडायला लागायच्या,
कोणाशी ते कोणालाच दिसायचं नाही.

वहीत वेळा मांडत गेले.
पाच पन्नास. पाच पन्नास. पाच एक्कावन्न.
रविवार. पाच बावन्न.
बिघाड घड्याळ बघत नाही,
आणि बघितलंच, तर रोज अर्ध्या मिनिटाने उशीर करत नाही.
मी तापमान तपासलं, व्होल्टेज तपासलं,
लिफ्टची मोटर सुद्धा संशयितांत धरली.
हिरोजीने वही बघितली, मग खिडकी.
"सूर्य," म्हणाला.
भरतीच्या वेळा घरात पाठ असलेल्या माणसाला
एवढं पुरलं.

पश्चिमेच्या खिडकीवरचा काळा कागद, कोपऱ्यात उचकटलेला.
पेटीवरच्या कापडाला टाचणीएवढं भोक.
सगळ्याच घरांवर तो उजेड थोडा थोडा पडत होता,
पण या एकाचा उंबरठा
शेजाऱ्यांहून जरासा खाली होता.
बस, तेवढंच.
बाकीच्यांच्या दारावरून जे निघून जात होतं
ते याच्या घरात शिरत होतं.

डॉ. सबनीस म्हणाल्या, छान. काळी पट्टी लाव.
लावली. दोन थर.
दुसऱ्या दिवशी पाच छप्पन्नला मी उगाच पडद्यासमोर बसले.
मिनिटाला तीन. कधी चार.
सरळ, शहाण्या रेघा.
बाहेर नौदलाच्या भिंतीमागे उजेड उतरला असणार;
कागद नीट चिकटवलेला होता, काही दिसलं नाही.

रात्री आईला फोन केला.
जेवलीस का, खोकला कसा आहे, हे झाल्यावर विचारलं,
प्रमिलाबाईंच्या खोलीचं तोंड कुठल्या बाजूला होतं गं?
आई बराच वेळ आठवत राहिली.
"कोण जाणे," म्हणाली,
"त्या सुरू झाल्या की आपण खिडकी लावून घ्यायचो ना."